डोंगरात द्यायचा होकार

उत्तर काय द्यायचं हे मला निघण्याआधीच माहीत होतं. हो म्हणायचं होतं. प्रश्न एवढाच होता की ते किती दिवसांनी म्हणायचं.

माझी मुलगी डेन्व्हरला प्राण्यांची डॉक्टर आहे. चौतीस वर्षांची, एकटी राहते. मी शिकागोच्या बाहेर शॉमबर्गला तीन बेडरूमच्या घरात राहते, तेही एकटीच. नवरा जाऊन चार वर्षं झाली. सप्टेंबरच्या सुरुवातीला मुलीने एका नव्या वसाहतीत दोन घरं पाहिली. एक छोटं, सगळ्या खोल्या वरच्या मजल्यावर आणि जिना असा उभा की माझ्या गुडघ्यांनी फोटो पाहूनच नकार दिला. दुसरं जरा मोठं, त्यात तळमजल्यावर एक खोली, तिला लागून बाथरूम आणि मागच्या अंगणात उघडणारं दार. "दॅट रूम कुड बी युवर्स, आई," ती म्हणाली. "आत्ता सांगू नको. ट्रेकला जाऊ तेव्हा बोलू."

हा ट्रेक तिची हौस होती. मोरोक्कोतला ॲटलास पर्वत, सहा दिवस, एक वाटाड्या, सामान खेचरांवर आणि मुक्काम बर्बर लोकांच्या गावांमधल्या घरांत. वसंत ऋतूतच तिने आम्हा दोघींचं बुकिंग करून टाकलं होतं. मी आयुष्यभर एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. दुसऱ्यांच्या चुका काढणं हे माझं काम, डोंगर चढणं हे नव्हे. शॉमबर्गला डोंगर सोडा, धड चढाचा रस्ता नाही. मी मॉलच्या पार्किंगचे पाच मजले काठी घेऊन चढायचे आणि उतरायचे. तिथल्या सिक्युरिटीवाल्याने दोनदा विचारलं, गाडी हरवली आहे का.

पण मी जिद्दीने चढत होते, कारण माझ्या डोक्यात सहा दिवसांचा सगळा कार्यक्रम तयार होता. पहिल्या दिवशी तिने खोलीचा विषय काढला की म्हणायचं, "छे गं, तुझ्या घरात माझी लुडबुड कशाला?" तिसऱ्या दिवशी, "बघू." पाचव्या दिवशी, तिने अगदीच धरून ठेवल्यावर, "बरं बाई, तू इतकं म्हणतेस तर." वाचणाऱ्याला हसू येईल. पण मी अशाच घरात वाढले. कुणाकडे गेलं आणि ताटात काही वाढायला आले की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, तिसऱ्यांदा मान खाली घालून घ्यायचं. पहिल्याच वेळी हो म्हणणाऱ्या मुलीकडे आई घरी आल्यावर नुसती बघायची. ते बघणं माझ्या अंगात इतकं मुरलंय की पासष्टीला आले तरी सुटलेलं नाही.

निघायच्या आठ दिवस आधी मुलीचा फोन आला. तिच्या क्लिनिकमधल्या दुसऱ्या डॉक्टरचं मनगट मोडलं होतं. "आय कॅन स्टिल कम," ती म्हणाली. "मी मॅनेज करीन. पण खरं सांग. डू यू वॉन्ट मी टु कम?"

"अगं नको," मी म्हणाले. "तू तुझं काम बघ. मी जाईन एकटी, त्यात काय एवढं."

"शुअर?"

"हो गं. आणि त्या घराचंही तू तुझ्या सोयीने ठरव. माझा विचार करू नको."

हे सगळं माझ्या हिशेबाने पहिलंच नको होतं. आता ती म्हणेल, काहीतरीच काय आई, मी येतेच आहे. मी फोन कानाला लावून थांबले. दोन-तीन सेकंद गेले असतील. "ओके," ती म्हणाली. "बिल्डरला ट्रेकच्या आठवड्यातल्या गुरुवारी सांगायचंय. इफ यू चेंज युवर माइंड, कॉल मी. नाही आला फोन, तर मी समजेन."

फोन ठेवल्यावर मी ओट्याशी उभी राहिले आणि मला भयंकर राग आला. तिचा राग आला, मनगट मोडून घेणाऱ्या त्या डॉक्टरचा आला. विमानतळावर सोडायला आमच्या गल्लीतला पुण्याचा एक मुलगा आला होता. इथे नोकरीला आहे, घरात बायको आणि तान्हं मूल. मी त्याला दोनदा नको म्हटलं होतं. "मावशी, उबर काय करताय यार, मी ड्राइव्ह करतो ना," म्हणत तो पहाटे येऊन दारात उभा राहिला आणि बॅग उचलून चालू लागला. याला कसं कळतं आणि पोटच्या पोरीला कसं कळत नाही, हेच मी विमानतळापर्यंत घोकत होते. त्याच्याशी धड बोललेही नाही. बिचाऱ्याला वाटलं असेल, मावशी प्रवासाला घाबरल्यात.

ट्रेक रविवारी सुरू झाला. आमच्या गटात दोन अमेरिकन जोडपी आणि मी. वाटाड्या चाळिशीचा, त्याच डोंगरांतल्या एका गावचा, इंग्रजी छान बोलणारा. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं की बाहेरचे त्यांना बर्बर म्हणतात, ते स्वतःला अमाझिघ म्हणवतात. वाट अक्रोडाच्या झाडांखालून जायची, बाजूने दगडी पाट, पाटाच्या पाण्यावर जगणारी टीचभर शेतं. गावं मातीच्याच रंगाची, त्यामुळे अगदी जवळ जाईपर्यंत दिसायची नाहीत. सपाट छपरांवर मका वाळत घातलेला आणि त्या मक्याशेजारी डिशचे अँटेना.

जोडपी जोडप्यांनी चालायची. कुणी वाईट नव्हतं. मला विचारायचे, ठीक आहे ना, आणि मी ठीक आहे म्हटलं की ठीक आहे असं समजून पुढे जायचे. मी सगळ्यांच्या मागे, सामानाच्या शेवटच्या खेचराबरोबर. खेचरवाल्याला इंग्रजी येत नव्हतं आणि मला त्याची भाषा येत नव्हती, म्हणून मी खेचराशी मराठीत बोलायला लागले. आधी, "चल बाबा, हळू चल," इतकंच. मग बाकीचंही. बघ, मुलीने विचारावं तरी किती, एकदा? खेचर कान हलवायचं. खेचरवाला हसायचा. त्या सहा दिवसांत माझं मराठी सगळ्यात जास्त त्या खेचराने ऐकलं.

मुक्कामाच्या घरी मला दोघींची खोली मिळाली, कारण बुकिंग दोघींचं होतं. दोन गाद्या, दोन उश्या, घडी घातलेल्या चार घोंगड्या. घरातल्या बाईने दोन बोटं दाखवून विचारलं, दुसरी कुठे? मी एक बोट दाखवलं. तिने दुसरी गादी उचलली नाही. मी त्या गादीवर माझे ओले मोजे पसरून ठेवले, म्हणजे रिकामी दिसणार नाही.

सोमवारी सकाळी एका गावात नेटवर्क होतं आणि मुलीचा मेसेज आला. पहिला दिवस कसा गेला, पाय कसे आहेत, घराबद्दल काही वाटतंय का. आणि शेवटी, नो प्रेशर.

नो प्रेशर! अगं, तेवढंच तर हवं होतं मला. मी मेसेज तीनदा वाचला. काय लिहू ते कळेना, हो असं नुसतं लिहायला बोट धजेना. शेवटी खेचराचा एक फोटो पाठवला आणि फोन बॅगेत टाकला.

त्याच दिवशी संध्याकाळी माझी फजिती झाली. मुक्काम माझ्याच वयाच्या एका बाईच्या घरी होता. हनुवटीवर फिकट निळं गोंदण, हात माझ्या आईच्यासारखे, कामाने रुंद झालेले. मातीच्या मोठ्या भांड्यात शंकूसारख्या झाकणाखाली शिजलेले बटाटे, गाजरं, काबुली चणे आणि नुकत्याच भाजलेल्या जाड भाकऱ्या. दिवसभर चढून माझ्या पोटात आग पडली होती. पहिली भाकरी मी कधी संपवली ते कळलं नाही. ती दुसरी घेऊन आली. अमेरिकन मंडळी "येस, प्लीज" म्हणून मोकळी झाली. मी हाताने खुणावत मान हलवली, नको. ती क्षणभर थांबली, वाटाड्याकडे पाहिलं, आणि भाकरी घेऊन परत गेली.

मी दाराकडे बघत बसले. आता येईल. ती आली ती चहा घेऊन, आणि भांडी उचलली. बटाटे अर्धे उरले होते, मी त्यांना जाताना पाहिलं. अर्धपोटी झोपले आणि सकाळी उठले तर चढावर पाय थरथरत होते.

वाटाड्याच्या ते लक्षात आलं. तो मागे थांबला, खिशातून मूठभर अक्रोड काढून दिले आणि पोट बिघडलंय का असं विचारलं. मी खरं ते सांगून टाकलं. पोट उत्तम आहे, भूक लागली आहे, ती भाकरी मला हवी होती. तो वाटेतच थांबला.

मग त्याने सांगितलं की त्या बाईला, आणि या वाटेवरच्या प्रत्येक घरातल्या बाईला, त्यानेच शिकवलं होतं. परदेशी पाहुणा एकदा नको म्हणाला की पुन्हा वाढायचं नाही. पूर्वी त्या ताटात ढीग करायच्या, पाहुणे अवघडायचे, कंपनीकडे तक्रारी जायच्या. शिकवायला त्याला दोन वर्षं लागली. त्या बाईला सगळ्यात जास्त, कारण ती त्याची मावशी होती. तिला वाटायचं, पुन्हा विचारलं नाही तर आपण त्या माणसाला घालवून दिल्यासारखं होतं.

मी वाटेतल्या धोंड्यावर बसून हसले. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच हसले. त्याला सांगितलं की आमच्याकडेही अगदी असंच आहे, पहिली दोन नको धरायची नसतात. मग खरं नको कसं ओळखता, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, खरं नको असेल तर माणूस ताटावर दोन्ही हात आडवे धरतो, वाकून ताट झाकतो. त्याने खेचरवाल्याला ते करून दाखवलं आणि दोघं खूप हसले. त्यांच्याकडेही तेच करतात म्हणे.

त्या मंगळवारच्या मुक्कामाला त्याने घरातल्या म्हातारीला काहीतरी सांगून ठेवलं असणार. ती माझ्या शेजारी मांडी घालून बसली आणि उठलीच नाही. मी नको म्हणायचा अवकाश, ती भाकरीचा तुकडा तेलात बुडवून माझ्यापुढे ठेवायची आणि एकच शब्द म्हणायची. खा म्हणत असणार, दुसरं काय. अमेरिकन मंडळी माझ्याकडे काळजीने बघत होती. शेवटी मी खरोखर ताट झाकलं, तेव्हा तिने माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षांत ताटाशी बसून कुणी माझं नको असं धुडकावून लावलं नव्हतं.

पण जेवण झाल्यावर वाटाड्याने सहज विचारलं, "आणि तुमच्या तिकडे वाढलेल्या मुलांना हे कळतं?"

मी काहीतरी बोलून उठले. कळणार कसं? मीच तर मोडून काढलं होतं.

मुलगी आठ वर्षांची असताना तिच्या वाढदिवसाला मी श्रीखंड-पुरी केली होती. वर्गातली एक गोरी मैत्रीण आली होती, तिला श्रीखंड नको होतं. आमची लेक वाटी घेऊन तिच्या मागे मागे, "घे ना, थोडंसं घे ना," अगदी माझ्या सुरात. ती पोरगी रडायला लागली. तिच्या आईने नंतर मला बाजूला घेऊन, अतिशय गोड शब्दांत, मुलांवर जबरदस्ती करू नये असं सांगितलं. माझी कानशिलं तापली. पाहुणे गेल्यावर मी लेकीला समोर उभं केलं आणि बोट उगारून सांगितलं, "इथे कुणी नाही म्हटलं की नाही. एकदा विचारायचं. पुन्हा विचारायचं नाही. कळलं?" ती रडत म्हणाली, "ओके, आई." शहाणी मुलगी. एकदा सांगितलेलं विसरत नाही.

बुधवारी खिंड चढायची होती. वाटाड्याने आधीच सांगितलं होतं, नेटवर्क खिंडीच्या माथ्यावर मिळेल, त्यानंतर दीड दिवस नाही. म्हणजे गुरुवार गेलाच. मी चार तास चढले. वर झाडं संपली, नुसता सुटा मुरूम, दोन पावलं वर की एक पाऊल खाली. आज खेचराशी बोलले नाही, दम नव्हता. मनातल्या मनात एकच वाक्य घोळवत होते. मला ती खोली हवी आहे. चार शब्द नाहीत, पाच आहेत. पाच शब्द म्हणायला पासष्ट वर्षांची बाई अकरा हजार फूट चढते, याला काय म्हणावं!

माथ्यावर वारा इतका की उभं राहवेना. मी दगडांच्या एका ढिगाआड बसले आणि फोन लावला. डेन्व्हरला सकाळचे सात वाजले होते.

"आई! काय झालं? आर यू हर्ट?"

"काही नाही गं, सहज केला," मी म्हणाले. सवय. मग जीभ चावली. "त्या घराचं बोलायचं होतं."

"आई, आय साइन्ड येस्टरडे," ती म्हणाली. " छोटं घेतलं."

"गुरुवारपर्यंत वेळ होता ना?"

"छोटंही दुसरं कुणीतरी मागत होतं. बिल्डर म्हणाला, आज सांगा. मोठंवालं तर सोमवारीच गेलं." तिचा आवाज चढला. "तूच म्हणालीस, माझा विचार करू नको. मी मेसेज केला. यू सेंट मी अ म्यूल."

"तू एकदाच विचारलंस."

"एकदा?"

तिचं इंग्रजी मला सगळं ऐकू आलं, वारा असूनही. बाबा गेले तेव्हा मी म्हटलं, महिनाभर राहते. तू नको म्हणालीस. तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मी रजा काढली होती. तू नको म्हणालीस. थँक्सगिव्हिंगला येऊ का, तू माझ्याकडे येतेस का, ख्रिसमसला, मे महिन्यात, हा ट्रेक. प्रत्येक वेळी नको. मला वाटायला लागलं होतं की तुला मी नकोच आहे. मग ती म्हणाली, "हाऊ मेनी टाइम्स ॲम आय सपोज्ड टु आस्क?"

तीन वेळा, हे उत्तर माझ्या तोंडावर आलं होतं. ते गिळलं. तिने चार वर्षं विचारलं होतं. दर वेळी एकदाच, मी शिकवलं होतं तसं, आणि दर वेळी मी ते पहिलंच विचारणं धरलं होतं. ज्या आग्रहासाठी मी रुसून बसले होते, तो चालूच होता. मला तो आग्रह म्हणून दिसला नाही. जन्मभर लोकांच्या चुका काढल्या आणि घरातली ही मला सापडली नाही.

"ऐक," मी म्हणाले. "मला तुझ्याकडे यायचं होतं. ट्रेकलाही तू यायला हवी होतीस. माझ्याच्याने एकटीने राहवत नाही गं. त्या घरात मी दिवस दिवस कुणाशी बोलत नाही."

"आई, पण ते घर गेलं आता."

"मला माहीत आहे. तरी सांगतेय."

पलीकडून काही आवाज येईना. मला वाटलं, नेटवर्क गेलं. मी फोन कानावरून काढून पाहिला, तर चालू होता. पुन्हा कानाला लावला तेव्हा तिच्या श्वासावरून कळलं की ती रडते आहे.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं.